ही आमची माकडीण नव्हे

२३ डिसेंबर

इसाओ,

सफरचंदांची पेटी पोचली. थंडी फार आहे, तब्येतीला जप, वगैरे जे पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं ते सगळं लिहिलंय असं समज. दर वर्षी मी आभाराचं छापील कार्ड पाठवते, त्यात ते असतंच.

अकरा वर्षं झाली आपण बोललेलो नाही, पण वर्षअखेरची भेट काही चुकलेली नाही. तुझी सफरचंदं इकडे, माझं पाल्याचं लोणचं तिकडे. मधे नुसती एक नदी. भांडण भांडणाच्या जागी, रीत रीतीच्या जागी, हे आईने आपल्या दोघांच्या डोक्यात पक्कं बसवून ठेवलंय.

या वेळी हाताने लिहितेय, कारण एक गंमत झाली आणि ती सांगायला दुसरं कोणी नाही. माकडांच्या उद्यानातल्या लोकांना सांगून उपयोग नाही, त्यांनी ती डोळ्यांनी बघितली.

परवा वर्षातला सगळ्यात लहान दिवस होता. बाकीचा देश त्या दिवशी रीतीप्रमाणे आंघोळीच्या पाण्यात लिंबं सोडतो, आपण सफरचंदं. तुझ्या पेटीतली चांगली मोठाली नऊ निवडली आणि हौदात सोडली. झऱ्याचं पाणी कढत होतं, सफरचंदं माझ्याभोवती तरंगत होती आणि मी पाऊण तास पाण्याबाहेर निघाले नाही. बाहेर आले तेव्हा केसांपासून टाचांपर्यंत घमघमत होते. दर वर्षी असंच करते. पण दर वर्षी दुसऱ्या दिवशी मला सुट्टी असते. यंदा एकजण तापाने आडवा झाला, म्हणून सकाळी मलाच डोंगरावर जावं लागलं, आणि वासाचं माझ्या ध्यानातच आलं नाही. बघ म्हणजे. फाटकाशी उभी राहून लोकांचे खिसे तपासते कोण? मी. संत्र्याची साल जरी सापडली तरी परत पाठवते कोण? मीच. माणसाजवळ खाऊ असतो हे माकडांना एकदा कळलं की संपलं, हे बत्तीस वर्षं सगळ्या जगाला ऐकवलंय.

तर मी माकडांच्या गरम कुंडाच्या काठावर बसून पाण्याची उष्णता मोजत होते. गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली उमे डोळे मिटून होती. तिने नाक वर केलं. डोळे उघडले. पाण्यातून निघाली आणि तशीच निथळत येऊन सरळ माझ्या मांडीवर बसली. आधी माझी टोपी काढली. मग केस हुंगले, बाह्या हुंगल्या, कॉलरमध्ये हात घालून बघितला. बत्तीस वर्षांत एकाही माकडाने मला बोट लावलं नव्हतं. मी हलले नाही, डोळ्याला डोळा भिडवला नाही, सगळं नियमानुसार केलं, पण माझी टोपी तिच्या डोक्यावर होती आणि समोर साठ माणसं फोटो काढत होती.

कुराता बर्फात बसून पोट धरून हसला. एप्रिलपासून तोच आमचा मुख्य होणार आहे, म्हणून त्याने लगेच गंभीर होऊन रोजच्या वहीत नोंद केली: ‘एका व्यक्तीस खाद्यपदार्थाच्या वासाबद्दल समज देण्यात आली.’ नाव नाही घातलं, तेवढे उपकार.

उमे म्हणजे आमच्यातली एक म्हातारी माकडीण. वरचा ओठ फाटलेला आहे. तुला नाही माहीत ती.

सफरचंदं उत्तम होती. मिनेकोला सांग.

ताई


७ जानेवारी

इसाओ,

पत्राला उत्तर देत नाहीस ते नाहीस, निदान हसलास की नाही ते तरी कळव.

नव्या वर्षाचं कार्ड आलं. छापील मजकूर, आणि खाली तुझ्या बायकोने पेनाने लिहिलेली एक ओळ: ‘यांची कंबर धरली आहे. तुमचं पत्र यांनी तीनदा वाचलं.’ मिनेको फार चांगली आहे. तुला कशी काय मिळाली कोण जाणे.

इकडे सुट्टीची झुंबड उडाली होती. गोठलेल्या पायवाटेवरून अर्धा तास चढून यायचं, आणि लोक येतात कसल्या बुटांत! एक बाई उंच टाचांचे घालून आल्या होत्या, त्यांना कुराताने आणि मी दोन बाजूंनी धरून खाली आणलं, वाटेत तिघंही दोनदा बसलो. एका आजोबांनी पिल्लाचा फोटो काढताना चष्मा कुंडात पाडला. तो पिल्लाने उचलला आणि चाटून बघून परत टाकला. बर्फ सारखा पडत होता, माकडांच्या डोक्यांवर पांढरे ढीग साचत होते आणि ती आपली डोळे मिटून ढिम्म. उमेची जागा ठरलेली आहे, जिथे गरम पाणी पडतं तो कोपरा. तिथे दुसऱ्या कुणाची बसायची टाप नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुला ती माहीत नाही. खोटं लिहिलं. तुला ती चांगली माहीत आहे. तिचा फोटो तूच काढला होतास.

आता लिहायला घेतलंच आहे तर सगळं लिहिते. मधेच थांबले तर परत धीर होणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी माकडांनी तुझी चाळीस झाडं दोन पहाटेत साफ केली. ऐन तोडणीला आलेली फुजी जातीची सफरचंदं. तू तो फोटो घेऊन बागायतदारांच्या सभेत आलास आणि म्हणालास, ही उद्यानाची टोळी आहे, हिला माणसाची भीती नाही, बर्फाने वाकलेल्या फांदीवरून विजेच्या तारेच्या आत उतरते. नगरपालिकेने आधीच ठरवलं होतं, ज्या टोळीचं माकड निघेल त्या टोळीसाठी पिंजरे लावायचे. आणि पिंजऱ्यात गेलेलं माकड परत येत नाही, हे तिथे बसलेल्या सगळ्यांना माहीत होतं. फोटो हातोहात फिरत माझ्याकडे आला. दीडशे माकडं चेहऱ्याने ओळखणारी मी एकटी. मी चष्मा पुसला. फोटो उजेडात धरला. उगाच वेळ काढला, इसाओ. पहिल्याच नजरेत ओळखलं होतं मी तिला. ओठ दिसत होता. पोटाला सहा महिन्यांचं पिल्लू चिकटलेलं दिसत होतं.

आणि मी म्हणाले, ही आमची माकडीण नव्हे.

मग सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. रानातली माकडं तारेला भितात, ती आली म्हणजे तार बंद होती. तार बंद होती म्हणजे इसाओ विसरला. दर सभेत दुसऱ्यांना तारेवरून बोलणारा इसाओ! लोकांना आयतंच सापडलं. ‘झोपाळू’ नाव पडलं तुला. तू चिटणीसपद सोडलंस, संघ सोडलास, आणि मला सोडलंस. आईच्या वर्षश्राद्धाला तू सकाळी येऊन गेलास आणि मी दुपारी गेले. भिक्षूंना दोनदा मंत्र म्हणावे लागले.

मी तेव्हा हिशेब केला, की भाऊ चिडेल आणि वर्षभरात निवळेल, पण माकडीण मेली की मेली. हिशेब चुकला.

तुझ्या सफरचंदाचा वास तिला अकरा वर्षांनी आठवला. ती माझ्या मांडीवर बसून केस हुंगत होती, सगळे हसत होते, मीही हसत होते, आणि मला वाटत होतं आता उठून पळून जावं. मी ओळखलं नाही म्हणाले, पण तिने तुझं फळ ओळखलं.

३१ मार्चला मी निवृत्त होतेय. तोवर एकदा ये, इसाओ. आपल्या घरासमोरच्या डोंगरावरची माकडं बघायला सगळं जग येतं, तू सोडून. मला माफ कर असं लिहायला पाहिजे हे मला कळतं. लिहिलं.

ताई


२० जानेवारी

इसाओ,

उत्तर मिळालं. पेटीवर चिकटवायच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलंस, कागद महाग झालाय वाटतं. इनमीन तीन वाक्यं. पाठ झाली मला:

‘ती माकडीण तुमची आहे आणि तू तिला ओळखलंस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. तू खोटं बोलताना चष्मा पुसतेस, शाळेत असल्यापासून. मला सांगून काय उपयोग, हॉलमध्ये जे बसले होते त्यांना सांग.’

वा रे वा. म्हणजे अकरा वर्षं तुला माहीत होतं आणि तू सफरचंदं पाठवत राहिलास! मला आधी इतका राग आला की तुझी चिठ्ठी चुलीत घालायला निघाले होते. मग रडू आलं. मग परत राग आला.

बागायतदारांची सभा आठ फेब्रुवारीला आहे, ते मला ठाऊक आहे. मी काही तिथे उभी राहणार नाही. का ते सांगते. एक म्हणजे आता दोन महिन्यांत माझी नोकरी संपेल, सगळे हसून निरोप देणार आहेत, केक सांगितलाय म्हणे. शेवटी शेवटी तोंड काळं करून घेऊ? दुसरं म्हणजे उमे चोवीस वर्षांची आहे. आता ती खाली उतरत नाही, गुडघे गेलेत, माझ्यासारखेच. पण तिच्या पोरी आहेत, नाती आहेत. मी तोंड उघडलं आणि पिंजरे आले तर? कुराताला विचारलं, खरं काय ते सांगून टाकलं त्याला. त्याने हातातली वही मिटली. मग म्हणाला, ‘बाई, पिंजरे येतील की नाही ते मला नाही सांगता येणार. पण इतकी वर्षं तुम्ही सफरचंदाच्या बागेवरून जायचं टाळून लांबच्या बसने येता, ते का, हे आज कळलं.’

मला वाटत होतं कुणाच्या लक्षात आलं नसेल.

तर नाही म्हणजे नाही. तू हट्टी असशील तर मी तुझी थोरली बहीण आहे. कंबरेला गरम पाण्याचा शेक दे, आणि पेट्या स्वतः उचलू नकोस.

ताई


९ फेब्रुवारी

इसाओ,

गेले होते.

खिडकीशी बसले. होरिउचींनी, म्हणजे अजूनही तेच अध्यक्ष आहेत, ऐंशी झाले तरी खुर्ची सोडत नाहीत, खतांचा विषय घेतला, फवारणीचा घेतला, नव्या तारेचा घेतला, आणि मग विचारलं, अजून कुणाला काही बोलायचंय का. मी उभी राहिले. चष्मा आधीच काढून पिशवीत ठेवला होता, त्यामुळे कुणाचाही चेहरा दिसत नव्हता. त्याचं एक बरं झालं.

मी सांगितलं की अकरा वर्षांपूर्वी याच हॉलमध्ये मी खोटं बोलले. फोटोतली माकडीण आमची होती, मी तिला ओळखलं होतं, इसाओची तार चालू होती, तो झोपला नव्हता. तिला आणि तिच्या पिल्लाला वाचवायला मी सख्ख्या भावाला खोटं पाडलं. एवढं बोलले आणि वाकून नमस्कार केला, आणि वर बघायची हिंमत होईना म्हणून वाकलेलीच राहिले. माझी कंबर आता तुझ्या कंबरेच्या पंगतीला बसली आहे.

मग होरिउची म्हणाले, ‘म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं.’

मी म्हटलं, हो.

त्यांनी विचारलं, माकडीण जिवंत आहे का? म्हटलं, आहे. अजून खाली येते? म्हटलं, तिला पायऱ्या चढवत नाहीत. मग मागून एक बाई उठल्या, तुझ्या बागेच्या वरच्या अंगाला ज्यांची नासपतीची बाग आहे त्या. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, होरिउचींशी बोलल्या. म्हणाल्या की अकरा वर्षं आम्ही आमच्या मुलांना सांगतोय, तार चालू करा, नाहीतर इसाओसारखं होईल. हे आता कोण निस्तरणार? आणि त्यांना रडू फुटलं. मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पिंजऱ्यांचा विषय निघाला. निघणारच. अर्धा तास वाद झाला. शेवटी होरिउचींनीच तो बाजूला ठेवला. जुनी गोष्ट आहे, ते पिल्लूही आता आई झालं असेल, म्हणाले. पण मला मोकळं सोडलं नाही. शिक्षा दिली. एप्रिलपासून निवृत्तीचं सुख भोगायचं नाही, तोडणीच्या दोन महिन्यांत रोज पहाटे खालच्या तारेवर गस्त घालायची. दीडशे माकडांना चेहऱ्याने ओळखणारं माणूस गस्तीला असेल तर कुठली टोळी आली ते लगेच कळेल, असं त्यांचं म्हणणं. कुणीतरी म्हणालं, ही मांजराला दुधाची राखण झाली. सगळे हसले, आणि हॉलमधली हवा सैल झाली.

संघाचे चारजण उद्या तुझ्याकडे यायचे आहेत. माफी मागायला. होरिउची स्वतः येणार आहेत, त्यांना बसायला खुर्ची दे, जमिनीवर बसले तर उठवायला दोघं लागतात. आणि लगेच ‘असू दे, असू दे’ करू नकोस. त्यांना जरा बोलू दे. तुझं ते येणं आहे.

उद्यानात सगळ्यांना कळलंय. केक रद्द झालेला नाही, मी चौकशी केली.

ये म्हणून आता सांगत नाही. माझं सांगायचं ते सांगून झालं.

ताई


३ मार्च

इसाओ,

काल तू इथून गेलास आणि आज मी पत्र लिहितेय, याला मिनेको हसेल. हसू दे. तू जाताना एक प्रश्न विचारलास आणि मला तोंडावर उत्तर देता आलं नाही. आपल्या घरात कुणालाच तोंडावर काही देता येत नाही, म्हणून तर पेट्या पाठवतो.

आधी एक सांगते. रांगेत उभं राहून तिकीट काढलंस! माझा भाऊ, आणि तिकीट! खिडकीतल्या मुलीने नाव विचारलं तर म्हणे ‘पाहुणा’ असं सांगितलंस. मी फाटकाशी एकेकाचा खिसा तपासत होते, समोर मातीने माखलेले रबरी बूट आले, आणि मी म्हणाले, साहेब, खाण्याचं काही असेल तर इथे ठेवा. वर बघितलं तर तू. तू खिशातून सफरचंद काढून माझ्या हातावर ठेवलंस. मुद्दाम आणलं होतंस की विसरून, ते मला अजून कळलेलं नाही. कुराताने वहीत नोंद केली आहे. या वेळी नाव घालून.

मी म्हातारी झालेय हे मला तुझ्याकडे बघून कळलं. तू केवढा पांढरा झालास रे.

कुंडाशी आल्यावर तू एवढंच विचारलंस, ‘कुठली?’ मी कोपऱ्यातली दाखवली. अर्धा तास उभा होतास. टोपीवर बर्फ साचला तरी झटकला नाहीस. मिनेको फोटो काढत होती, पिल्लं तिच्या बुटांवरून उड्या मारत होती, ती लहान मुलीसारखी ओरडत होती, आणि तू त्या माकडिणीकडे बघत होतास. मला वाटलं, आता काहीतरी बोलशील. वाईट बोलशील. बोलायला हवंच होतं. उमेने जांभई दिली. आणि तू वळून मला म्हणालास, ‘दात गेलेत हिचे. हिला आता सफरचंद चिरून द्यावं लागेल.’

मी म्हटलं, इथे माकडांना खायला द्यायला बंदी आहे. वेडी मी.

मग परतताना, पायवाटेच्या वळणावर, मिनेको पुढे गेली होती तेव्हा तू विचारलंस, ‘ताई, पुन्हा तशी वेळ आली तर काय सांगशील?’ आणि मी चष्मा पुसायला लागले. तू तो माझ्या हातातून काढून घेतलास आणि म्हणालास, राहू दे, घाई नाही.

आज सकाळपासून विचार करतेय. कुंडाच्या काठावर बसून केला, बर्फ काढताना केला. खोटं सांगणार नाही, एवढं म्हणून सोडून दिलं तर ते तुला पटणार नाही, आणि खरंही नाही. ती पुन्हा त्या फोटोत असेल, तिच्या पोटाला पिल्लू असेल, तर मी खरं बोलू शकेन का, याची मला आजही खात्री नाही. पण एक गोष्ट मी नक्की करेन. सभेच्या आधी तुझ्याकडे येईन. तुझ्या दारात बसेन आणि सांगेन की इसाओ, माकडीण माझी आहे, नुकसान तुझं आहे, आणि मला तिला मरू द्यायचं नाहीये, आता तू सांग काय करायचं.

अकरा किलोमीटर. चाळीस मिनिटांची बस. तेव्हा मी एवढंही केलं नाही. माझं मीच ठरवून टाकलं की तू पिंजरे मागशील, आणि सगळ्या गावासमोर तुला खोटं पाडलं. तुला विचारलंच नाही.

काल तू तिचे दात बघत उभा होतास, तेव्हा मला कळलं तू काय म्हणाला असतास.

ताई